केनिया, टप्पा पहिला

पासपोर्टवर एकही शिक्का नाही, पण पीतज्वराची लस मात्र टोचून झालेली आहे असा माणूस बघायचा असेल तर साताऱ्याला आमच्या सोसायटीत या. दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला ज्या दाराबाहेर चपला सारख्या अंतरावर लावलेल्या दिसतील, ते तात्यांचं घर. बेल वाजवा. तात्या घरातच असतात, कारण ते केनियाला निघालेले आहेत.

गेली काही वर्षं निघालेले आहेत.

तात्या पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. धरणाचा नारळ फोडणारा मंत्री आणि त्याच धरणाचं पाणी सोडणारा मंत्री यांच्यात जिथं दोन पिढ्यांचं अंतर पडतं, त्या खात्यात जन्म गेलेल्या माणसाला सहल म्हणजे बॅग भरून निघायची गोष्ट वाटणं शक्यच नव्हतं. आधी सर्वेक्षण, मग अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग निविदा. तांत्रिक मान्यता तात्या स्वतःच देतात. प्रशासकीय मान्यतेचा प्रस्ताव काकूंकडे पडून असतो.

या सगळ्याची एक फाइल आहे. करड्या पुठ्ठ्याची, पांढऱ्या नाडीची, वर ठसठशीत अक्षरात ‘केनिया सहल, टप्पा १: वन्यजीव व सागरकिनारा’. आत डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार, प्रत्येक पानाला कोपऱ्यात लाल शाईचा क्रमांक. मधूनच एखादं पान दुमडलेलं असतं आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, ‘बोललो. कु. सहमत नाही.’ कु. म्हणजे कुटुंब, म्हणजे काकू.

सुरुवात टीव्हीवरून झाली. कुठल्याशा रविवारी दुपारी पडद्यावर हजारो नू मारा नदीत उड्या टाकत होते, मगरी पाण्यात तोंडं उघडून बसल्या होत्या. काकूंनी डोळ्यांपुढे हात धरला. तात्या खुर्ची पुढं ओढून बसले आणि म्हणाले, “विसर्ग पाच हजार क्युसेकच्या खाली नसणार.” तेरा-चौदा लाख जनावरं दरवर्षी सेरेंगेटीतून गवताच्या मागं मागं वर मसाई मारात येतात आणि पुन्हा खाली जातात, हे निवेदकानं सांगितल्यावर त्यांनी वही मागवली.

आधी देश ठरवायचा होता. केनिया की टांझानिया, असा तुलनात्मक तक्ता तयार झाला. सेरेंगेटी १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आख्ख्या सातारा जिल्ह्याहून मोठं. मसाई मारा १,५१० चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्याचा सातवा हिस्सा. दोन्हींच्या मध्ये फक्त देशाची सीमा, जी नूंना कोणी सांगितलेली नाही. टांझानियाच्या बाजूला गोरोंगोरोचं विवर होतं, सहाशे मीटर खोल आणि सगळ्या बाजूंनी बंद. ते पाहून तात्या कितीतरी वेळ गप्प होते. विनाखर्च तयार झालेला बुडीत क्षेत्राचा एवढा सुंदर नमुना आणि त्यात पाण्याऐवजी गेंडे फिरतायत, हे त्यांना पचत नव्हतं. शिवाय टांझानियाकडं झांझिबार होतं. “तो फ्रेडी मर्क्युरी झांझिबारचा,” तात्यांनी मला सांगितलं, “पण शिकला कुठं? पाचगणीला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात.” फ्रेडी मर्क्युरीचं एकही गाणं तात्यांनी ऐकलेलं नाही. पण जिल्ह्याचा माणूस म्हणून त्याला तक्त्यात दोन गुण मिळाले.

केनियाचं पारडं जड झालं ते अप्पासाहेब पंतांमुळं. तात्यांचं मूळ गाव औंधजवळ. सूर्यनमस्कारांसाठी ज्यांचं नाव झालं त्या औंधच्या राजांचे हे चिरंजीव १९४८ साली भारताचे प्रतिनिधी म्हणून नैरोबीला गेले आणि तिथल्या आफ्रिकन पुढाऱ्यांत असे काही मिसळले की इंग्रज सरकारच्या कपाळाला आठ्या पडल्या. “म्हणजे नैरोबीत आपला माणूस होऊन गेलाय,” तात्या म्हणाले. या वाक्यावर केनियाला तांत्रिक मान्यता मिळाली. टांझानिया रद्द झाला नाही. पाटबंधारे खात्यात काहीही रद्द होत नाही. तो टप्पा दोनमध्ये गेला.

लशीचं म्हणाल तर ते प्रकरण आधीच उरकलं. केनियाहून परत येणाऱ्याकडं पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड नसेल तर आपल्याकडं विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. ‘आयुष्यभर’ या शब्दानं तात्यांचा घात केला. खर्च एकदाच आणि मुदत आजन्म, असं काम त्यांच्या अख्ख्या नोकरीत झालं नव्हतं. साठी उलटलेल्यांना ही लस विचार करूनच देतात, असं डॉक्टरांनी सांगून पाहिलं. तात्यांनी त्यांना स्वतःचे रक्ताचे अहवाल तारीखवार दाखवून निरुत्तर केलं आणि पुण्याला जाऊन दंड पुढं केला. पीतज्वर पसरवणारा डास तोच, जो आपल्याकडं डेंग्यू पसरवतो. त्या पावसाळ्यात तात्यांना डेंग्यू झाला. पण पीतज्वर झाला नाही, हे ते आवर्जून सांगतात.

व्हिसाचं मात्र त्यांना दुःख झालं. अर्ज, फोटोचं माप, बँकेचं पत्र असं सगळं जमवून ठेवलं होतं, आणि २०२४ च्या जानेवारीपासून केनियानं व्हिसाच बंद करून टाकला. आता घरबसल्या ऑनलाइन परवानगी काढायची. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. तात्या दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. फाइलमधली अकरा पानं निरुपयोगी झाली होती.

नैरोबीतल्या एजंटाशी त्यांचा पत्रव्यवहार हा स्वतंत्र विषय आहे. एजंट तिसऱ्या पिढीतला गुजराती. अशा भारतीय वंशाच्या लोकांना केनियाच्या सरकारनं २०१७ मध्ये देशाची चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली, ही माहिती खुद्द त्या एजंटालाच तात्यांनी कळवली. पहिल्या पहिल्या पत्रांना बिचारा पान-पानभर उत्तरं द्यायचा. तात्यांनी विचारलं, नू नदी ओलांडतात ती तारीख आणि वेळ कृपया निश्चित करून कळवावी. त्यानं कळवलं की जुलै ते ऑक्टोबर हा काळ चांगला, पण तारीख सांगता येत नाही. कळप काठावर येतो, तासन्‌तास उभा राहतो, आणि कधी कधी पाण्याला तोंडही न लावता मागं फिरतो. तात्यांनी ते पत्र मला वाचायला दिलं. “कालवा सल्लागार समितीची बैठक झालेली नाही,” ते म्हणाले, “दुसरं काय?” पुढं पुढं एजंटाची उत्तरं आखूड होत गेली. हल्ली तो फक्त ‘पोले पोले’ लिहितो, म्हणजे हळूहळू. तात्यांनी त्यावर टिपणी लिहिली आहे: ‘पक्षाने मुदत मागितली आहे. द्यावी.’

खर्चाला तात्या भीत नाहीत. या बाबतीत लोक त्यांच्यावर अन्याय करतात. त्यांना फक्त प्रत्येक पैशाचं मोजमाप लागतं. मसाई माराचं प्रवेशशुल्क परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला दोनशे डॉलर आणि जानेवारी ते जून शंभर डॉलर, आणि ते तिकीट बारा तासांचं. तात्यांनी भागाकार केला. सिंह दिवसाचे अठरा-वीस तास झोपलेला असतो. झोपलेल्या सिंहासमोर पंधरा मिनिटं गाडी उभी केली तर हंगामात माणशी चार डॉलर सतरा सेंट जातात. एवढ्या पैशात तो किमान एकदा उठायला हवा, अशी त्यांची रास्त अपेक्षा आहे. झोपलेल्या सिंहाला किती वेळ द्यायचा, जागा सिंह असेल तर किती, छावे असतील तर वाढीव किती, याचा तक्ता फाइलच्या शेवटी जोडला आहे. बिबट्याला मर्यादा नाही. बिबट्याच्या रकान्यात नुसतं ‘यथाप्रसंग’ लिहिलंय आणि ते लिहिताना त्यांना किती त्रास झाला असेल हे मी समजू शकतो.

कारण खरी अडचण तीच आहे. तात्यांना गैरसोय चालते, उन्हातान्हात फिरणं चालतं, अनपेक्षित काही चालत नाही. आणि जंगलात जाऊन विकत घ्यायला दुसरं काही नसतंच. साताऱ्यापासून कास पंचवीसेक किलोमीटरवर आहे. जगभरातून लोक ते फुलांचं पठार बघायला येतात, आमच्या वाहतुकीचा बोजवारा उडवतात. तात्यांनी काकूंना कासला अजून नेलेलं नाही. का, तर बहर नेमका कोणत्या तारखेला येतो ते वनखातं खात्रीनं सांगत नाही.

काकूंचे आक्षेप अगदी वेगळ्या जातीचे. त्या फाइल वाचत नाहीत, तात्या मोठ्यानं वाचतात तेव्हा भाजी निवडत ऐकतात आणि बरोबर मर्मावर बोट ठेवतात. नैरोबीहून मोंबासाला नवी रेल्वे झाली २०१७ साली. पाचेक तासांत समुद्रावर, वाटेत त्सावोचं जंगल, खिडकीतून हत्ती. उजव्या हाताच्या खिडकीशी बसायचं, आकाश मोकळं असेल तर किलिमांजारो त्याच बाजूला. तात्या हे सगळं रंगवून सांगत होते. पुढं मोंबासाला पोर्तुगिजांचा फोर्ट जीझस, १५९३ साली बांधायला घेतलेला, त्याचे हुकूम गोव्याहून सुटायचे, तटाचं बांधकाम प्रवाळाच्या दगडाचं. ते तात्यांना बोटानं खरवडून बघायचंय.

“त्सावो म्हणजे ते माणसं खाणारे सिंह तेच ना?” काकूंनी विचारलं.

“ते १८९८ साली, अगं. इंग्रज जुनी रेल्वे टाकत होते तेव्हा. नदीवरच्या पुलाचं काम त्या दोन सिंहांनी बंद पाडलं होतं.”

“आणि मजूर कुठले होते?”

तात्यांना खोटं बोलता येत नाही. “बरेचसे आपल्याकडचे,” ते म्हणाले. “पण त्या सिंहांना मारलं शेवटी. आता ते पेंढा भरून शिकागोच्या म्युझियममध्ये उभे आहेत.”

“शिकागोला तुमची पुतणी आहे,” काकू म्हणाल्या. “तिथं राहण्याचा खर्च नाही.” आणि गवारीच्या शेंगा मोडायला लागल्या.

पण सगळ्यात मोठा पेच पडला तो पिशव्यांवरून. केनियानं २०१७ च्या ऑगस्टमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, आणि ती आपल्यासारखी नव्हे. दंड चाळीस लाख शिलिंगांपर्यंत, नाहीतर चार वर्षांपर्यंत कैद. पुढं २०२० पासून अभयारण्यं आणि समुद्रकिनाऱ्यांवर एकदा वापरून टाकायचं प्लास्टिकच बंद, पाण्याची बाटलीसुद्धा. आता काकूंचं स्वयंपाकघर ज्यांनी पाहिलंय त्यांना यातलं गांभीर्य कळेल. ओट्याखाली उजव्या हाताला खुंटीवर एक मोठी पिशवी आहे, तिच्यात पिशव्या आहेत. साडीच्या दुकानाच्या कडक पिशव्या वेगळ्या, किराण्याच्या मऊ पिशव्या घडी करून वेगळ्या, दुधाच्या पिशव्या धुऊन, उलट्या करून, वाळवून, दहा-दहाच्या गड्ड्यांत रबर लावून. या घरातून भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी असं जे काही आजवर बाहेर पडलं ते पिशवीत पिशवी, तिला गाठ, आणि वर पुन्हा पिशवी अशा तीन आवरणांत.

“दुधाच्या पिशवीसाठी चार वर्षं?” काकू म्हणाल्या. “माणसाला मारलं तर काय करतात मग?”

तात्यांनी शिंप्याकडून मांजरपाटाच्या नाडीच्या पिशव्या शिवून आणल्या, तीन मापांच्या. भडंगाला तेल सुटलं आणि पिशवी आरपार पिवळी झाली. आता भडंग डब्यातून जायचं ठरलंय, पण डबा स्टीलचा, त्याचं वजन आलं, आणि नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानात माणशी पंधरा किलो, तेही मऊ पिशवीत. तात्यांकडं हातात धरून लटकवायचा वजनकाटा आहे. त्यांनी रिकामा डबा तोलला, भरलेला डबा तोलला, आणि वजाबाकी करून जाहीर केलं की आपण आफ्रिकेत भडंगापेक्षा स्टील जास्त नेतोय. कंदी पेढ्यांचा प्रश्न नाही, ते पुठ्ठ्याच्या खोक्यात येतात. सातारी माणसाला कुठलाच देश पूर्णपणे अडवू शकत नाही.

समुद्राच्या बाबतीत मात्र तात्यांचा अधिकार मी मानतो. नोकरीची उमेदीची वर्षं त्यांनी रत्नागिरीकडं खारभूमीच्या बंधाऱ्यांवर काढलीयेत. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून जो माणूस रात्री कंदील घेऊन बांधावर उभा राहिलाय त्याला डायनीचा पांढऱ्या वाळूचा किनारा फोटोत दाखवून भुलवता येत नाही. मोंबासाच्या दक्षिणेला हा किनारा. बेटावरून लिकोनीची फेरी धरून पलीकडं जायचं, नाहीतर विमानानं थेट उकुंडाला. हॉटेलांच्या जाहिरातीत समुद्र पायरीपर्यंत आलेला दिसतो. “हे भरतीचे फोटो,” तात्या म्हणाले. “ओहोटीचा एक तरी दाखव.” तिथं उधाणाला पाणी तीन मीटरांच्या वर चढतं आणि तेवढंच खाली जातं. दहा वाजता पोहायला म्हणून निघावं तर समुद्र प्रवाळाच्या रांगेकडं निघून गेलेला आणि आपण गुडघाभर डबक्यात उभे.

कोकणात भरतीचा हिशेब सोपा असतो. तिथीची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचारला भरती, अष्टमीला सहाला. तात्यांनी कालनिर्णय उघडून डायनीचा तक्ता याच हिशेबानं मांडला आणि मोंबासा बंदराच्या वेळापत्रकाशी ताडून पाहिला. जुळेना. तिकडं अमावास्या-पौर्णिमेला भरती चारच्या सुमाराला येते. रात्रभर बसून त्यांनी सूत्र दुरुस्त केलं: तिथीची पाऊणपट, अधिक चार. सकाळी दूध आणायला निघालेल्या मला जिन्यात थांबवून त्यांनी ते सांगितलं. चेहऱ्यावर असा आनंद होता की मला वाटलं, नातू झाला.

आता गाडीचं. मारात फिरायची गाडी म्हणजे छत वर उचलायची लँड क्रूझर. मागं सहा जागा, सहाही खिडकीच्या, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी एक. भाडं माणशी नसतं, गाडीचं असतं. दोघं गेलात तरी तेवढंच, सहा गेलात तरी तेवढंच. म्हणजे चार माणसं हवीत. तात्यांनी सोसायटीच्या फलकावर सूचना लावली नाही, एवढाच काय तो संयम. बाकी मुलाखती रीतसर झाल्या.

पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक उत्साहानं आले, चहा घेतला आणि म्हणाले, “वाघ तर दिसतीलच.” तात्यांनी कप खाली ठेवला. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नाही, हे सदतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलेल्या माणसाला सांगावं लागणं त्यांना जिव्हारी लागलं. अपात्र. बँकवाल्यांना तासातासाला उतरावं लागतं, आणि मारात ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून पाय खाली ठेवायला बंदी. फार तर ड्रायव्हर एखादं झुडूप निरखून देतो. त्या झुडपापर्यंतची जोखीम तात्यांनी घेतली नाही. तिसऱ्यांना मोबाइलवर मोठ्यानं बोलायची सवय. चौथे फोटो काढतात, म्हणजे उभे राहतात, म्हणजे मागच्याला काही दिसत नाही. मीही उमेदवार होतो. मला नाकारण्याचं कारण त्यांनी तोंडावर सांगितलं: “तू लगेच खूश होतोस, लेका. गाडीत असा एक जरी असला की ड्रायव्हर पुढचं काही दाखवत नाही.”

असं करत करत गाडी रिकामीच राहिली. तात्यांना त्याचं काही वाईट वाटल्याचं दिसलं नाही. उलट पात्रतेचे निकष सुधारून पुन्हा मागवावेत, अशी टिपणी तयार होत होती. त्याच आठवड्यात काकूंच्या भजनी मंडळाची बैठक त्यांच्याकडं होती. अभंग झाले, कॉफी झाली, आणि काकूंनी सहज म्हणावं तसं विचारलं, “आफ्रिकेला कोण कोण येतंय?”

पाच हात वर झाले.

मी त्या वेळी लाडूचा डबा परत द्यायला गेलो होतो, त्यामुळं पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. तात्या फाइल घेऊन बाहेर आले, चष्मा पुसला, प्रास्ताविक सुरू केलं. बायकांनी दोनच प्रश्न विचारले. तंबूत संडास आतच असतो का, आणि गरम पाणी मिळतं का. दोन्हींचं उत्तर हो होतं. एकीनं मध्येच चतुर्थीचं विचारलं. तात्यांनी सांगितलं की साबुदाणा ज्याचा करतात तो कंद तिकडं घरोघर खातात, मुहोगो म्हणतात त्याला, मोंबासाला तळून वर तिखट-लिंबू घालून रस्त्यावर मिळतो. एवढ्यावर त्यांचा भाव वधारला. तेवढ्यात काकूंनी त्यांच्या हातातून दरांचा तक्ता घेतला आणि बोट ठेवलं.

“फेब्रुवारीत शंभर आणि ऑगस्टमध्ये दोनशे. मग फेब्रुवारी.”

“अगं, फेब्रुवारीत नू नसतात तिकडं. ते सगळे खाली, सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात. विणीचा काळ असतो त्यांचा.”

“मग बाळंतिणींना कशाला त्रास द्यायचा? नू नसले तर नसू देत. सिंह जातात का कुठं?”

“सिंह तिथंच असतात.”

“हत्ती?”

“तेही.”

“झालं तर मग.” आणि काकूंनी कॉफीच्या कपबशा गोळा करायला घेतल्या. ज्या प्रस्तावावर इतकी वर्षं निर्णय नव्हता त्याला प्रशासकीय मान्यता मिळायला कॉफी निवण्याइतकाही वेळ लागला नाही. मारातली एक रात्र कमी झाली, डायनीच्या दोन वाढल्या, कारण भजनी मंडळातल्या तिघींना समुद्रात पाय सोडून नुसतं बसायचं होतं. त्यांपैकी एकीची सून विमानाच्या तिकिटांचं काम करते. चौथ्या दिवशी तिकिटं आली. पैसे परत न मिळणारी.

मला वाटलं होतं तात्या खचतील. नदी ओलांडण्याचं सगळं प्रकरण बाद, तक्ते बाद, सिंहासमोरच्या पंधरा मिनिटांचा दर चारऐवजी दोन डॉलर आठ सेंटवर आलेला. पण त्यांच्या दाराखाली रात्री उशिरापर्यंत उजेड दिसायला लागला. सुधारित अंदाजपत्रक! खात्यातल्या माणसाला मूळ अंदाजपत्रकापेक्षा त्याचीच गोडी जास्त. नवी सूचनावली निघाली. जनावराजवळ बोलू नये. बोट दाखवू नये. टाळ सोबत घेऊ नयेत. शेवटची सूचना मंडळानं फेटाळली, पण टाळ डायनीलाच वाजवायचे अशी तडजोड झाली.

आणि मग लक्षात आलं की काकू आणि पाच जणी मिळून सहा झाल्या. खिडक्या सहा. तात्या सातवे. मागं जागाच उरली नाही, त्यांनी पुढं ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. काकूंना वाटलं आता वादावादी होणार. मलाही वाटलं. पण तात्यांनी गाडीतल्या जागांचा नकाशा दोन-तीनदा निरखून पाहिला आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत, दिवसच्या दिवस, ड्रायव्हर त्यांच्या शेजारी असणार होता, आणि गाडीतून उतरायला बंदी त्यालाही होती.

प्रश्नावली तयार आहे, मी पाहिली आहे. मारा नदीची पूररेषा. टायरमधली हवा. तिकडं दिवस सूर्योदयापासून मोजतात, सकाळच्या आठला दोन म्हणतात, तर निघायची वेळ सांगताना तो कुठलं घड्याळ धरणार. सिंह दिसल्याचं दुसऱ्या गाड्यांना वायरलेसवर सांगतो ते कुठल्या क्रमानं, आणि त्याची नोंद कुठं ठेवतो. एजंटानं कळवलंय की ड्रायव्हर अतिशय अनुभवी आहे, हत्ती अंगावर चालून आला तर गाडी बंद करून शांतपणे बसून राहतो आणि हत्ती आपोआप निघून जातो. तात्यांच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. गाडी बंद का केली, हे ते आधी विचारतील.